झुडपातला डबा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात कोर्स, परीक्षा आणि इन्स्पेक्शन यांतून मान वर काढायला फुरसत नव्हती. जानेवारीतला एक रविवार मात्र तुम्हाला सांगायचा राहिला होता. तो आज सांगतो.

सध्या माझं पोस्टिंग महूला आहे. इंदूरजवळची ही जुनी छावणी. इन्फंट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज आणि सिग्नलवाल्यांचं एमसीटीई अशा तीन मोठ्या संस्था इथे असल्यामुळे बहुतेक अधिकारी नोकरीत कधी ना कधी महूचं पाणी पितोच. मराठी माणसाला हे गाव आणखी एका कारणाने जवळचं. सुभेदार रामजी सकपाळ इथे नोकरीला असताना १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म इथेच झाला.

पीस स्टेशन म्हणून कुटुंब सोबत आहे. कन्या नववीत. ही तिची सातवी शाळा. शनिवारी रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, उद्या डबा शोधायला जायचं का?"

मला वाटलं शाळेतला डबा. "कुठे विसरलीस?"

तिने कपाळावर हात मारून घेतला आणि मग मला जिओकॅशिंग समजावून सांगितलं. कुणीतरी एक छोटा डबा रानात, डोंगरावर, पुलाजवळ लपवतो. त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसाच, होता तिथेच ठेवायचा. आतली एखादी वस्तू घेतली तर तिच्या तोडीची दुसरी ठेवायची. बक्षीस नाही, नंबर नाही.

"आणि कुणी डबाच पळवला तर?"

"नाही पळवत, बाबा. तोच तर खेळ आहे."

मी मान डोलावली खरी, पण पटलं नव्हतं.

रात्री या खेळाचा इतिहास वाचला. १९९९ सालच्या कारगिलच्या उन्हाळ्यात जीपीएस सामान्य माणसाला मिळत होतं, पण अमेरिका त्याचा सिग्नल मुद्दाम धूसर करून सोडत असे. चूक शंभर मीटरपर्यंत जायची. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती धूसरता काढून टाकली आणि एका रात्रीत साध्या माणसाच्या हातातलं यंत्र दहा-वीस मीटरपर्यंत अचूक झालं. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यातल्या डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ते तपासून बघायला जंगलात एक बादली ठेवली. आत वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू. त्यात एक घेवड्याचा डबाबंद कॅनही होता म्हणे. जागेचे आकडे त्याने इंटरनेटवर जाहीर केले. तिथून हा खेळ जगभर गेला.

त्याच महिन्यात मी खडकवासल्याला एनडीएच्या पहिल्या टर्ममध्ये होतो. आमच्या हातात जीपीएस नव्हे, प्रिझमॅटिक कंपास. एकाने बेअरिंग धरायचं, एकाने पावलं मोजायची, शंभर यार्डांना १२० पावलं. पुढे एका रात्रीच्या नेव्हिगेशनमध्ये पावलं मोजण्याचं काम माझ्याकडे होतं. घाणेरीच्या जाळीत अडकलो, आकडा विसरलो आणि अंदाजाने पुढचा आकडा ठोकून दिला. उस्ताद ज्या टेकडीवर कंदील घेऊन बसले होते तिच्या शेजारच्या टेकडीवर आमची पार्टी मोठ्या थाटात पोहोचली. पुढचा आठवडा कसा गेला ते एनडीएवाल्यांना सांगायला नको. इतरांनी एवढंच समजा की त्या आठवड्यात आम्ही चालण्यापेक्षा कोलांट्या जास्त मारल्या.

असो. रविवारी सकाळी आम्ही दोघं जाम दरवाजाकडे निघालो. महूहून मंडलेश्वर-महेश्वरकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, विंध्याच्या अगदी कड्यावर अहिल्याबाई होळकरांनी १७९१ साली ही भव्य वेस बांधली. वर माळवा, खाली निमाड. दरवाजाच्या सज्जातून पाहिलं की एकामागून एक उतरत गेलेल्या डोंगरधारा दिसतात आणि त्यांच्या पलीकडे धुक्यात सपाट मुलूख. महेश्वरला राजधानी ठेवून इंदूरवर लक्ष ठेवणाऱ्या बाईंना या घाटाचं महत्त्व कुणी समजावून सांगावं लागलं नसणार. मराठी पर्यटक बरेच येतात. सेल्फी काढतात, मक्याचं कणीस खातात, जातात.

आम्ही मात्र गर्दी सोडून धारेवरच्या पायवाटेला लागलो. सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. मध्ये पळस, सीताफळ, बोर आणि सगळीकडे घाणेरी. कन्येच्या हातात फोन, माझ्या हातात काठी आणि सवयीने गळ्यात कंपास. चालता चालता तिला आकडे वाचायला शिकवले. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. खेळात मिनिटाचे दशांश तीन स्थळांपर्यंत देतात. म्हणजे शेवटचा आकडा एकाने बदलला की जागा जेमतेम दोन मीटर सरकते.

"म्हणजे थेट डब्यावरच पोहोचायचं!"

"आकडा पोहोचेल. तू नाही," मी म्हणालो. झाडीखाली, कड्याच्या आडोशाला सिग्नल उड्या मारतो. शेवटचे दहा मीटर यंत्र खिशात घालून डोळ्यांनीच शोधावे लागतात. तेवढ्यापुरता बापाचा भाव वधारला.

पहिल्या ठिकाणी मात्र डोळ्यांनीही हात टेकले. अर्धा तास आम्ही दगड उचकटत होतो. तेवढ्यात बकऱ्या चारणारा एक म्हातारा बाबा वर आला. थोडा वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "डब्बा ढूँढ रहे हो साब? वो नहीं, उस सफेद पत्थर के पीछे." आणि मी वाकलो तसा घाईने म्हणाला, "देख लो, पर लेना मत. किसी का खेल है."

या खेळात न खेळणाऱ्यांना 'मगल' म्हणतात, आणि मगलांना डब्याचा पत्ता लागू द्यायचा नसतो. इथे मगलच राखणदार निघाला. दोन वर्षं तो डबा त्याच्या बकऱ्यांच्या वाटेवर पडून होता आणि त्याने तो जागचा हलवला नव्हता. रात्री मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. कन्या काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघून हसली. आम्ही वहीत नावं लिहिली, बाबांना बिस्किटाचा पुडा दिला आणि पुढे निघालो.

दुसरा डबा धारेच्या पलीकडच्या उतारावर होता. आकडे जुळले तिथे एक जुना बांध, त्याला खालून पाणी जायला मोरी आणि तोंडावर घाणेरीची जाळी. मी दहा-बारा पावलं मागे होतो. कन्या गुडघ्यावर बसली, फांदी बाजूला केली आणि ओरडली, "बाबा, दिसला! पत्र्याचा आहे!" आणि तिने हात आत घातला.

"हात लावू नकोस! मागे हो!"

तो आवाज घरातला नव्हता. तिने तो याआधी कधी ऐकला नव्हता. ती मागे पडली, तळहात खरचटला. कावरीबावरी होऊन ती माझ्याकडे बघत राहिली. साप असेल म्हणून मी ओरडलो असं सांगता आलं असतं. खोटंही ठरलं नसतं. अशा मोऱ्यांत फुरसं सापडतं. मी तोंडही उघडलं होतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी बघून ते जमेना.

मग तिथेच बांधावर बसून मी तिला ते सांगितलं जे तिच्या आईलाही पूर्ण सांगितलेलं नाही.

नोकरीच्या पाचव्या वर्षी मी काश्मीरमध्ये होतो. रोज पहाटे रोड ओपनिंग पार्टी निघायची. वाहनांचा ताफा सुटण्याआधी रस्त्याच्या दोन्ही बाजू, मोऱ्या, झुडपं, दगडांचे ढीग बघत चालायचं. काल नव्हतं ते आज आहे का, एवढंच शोधायचं. त्या सकाळी सगळीकडे दहिवर पडलं होतं. पुढे चालणारा माझा एक जवान, कोल्हापूरकडचा, बावीस वर्षांचा. मोरीच्या तोंडाशी त्याला तुपाचा पत्र्याचा डबा दिसला. नियम त्याला पाठ होता. थांबायचं, लांब व्हायचं, खूण करायची, बॉम्बवाल्यांना बोलवायचं. पण महिनाभर रोज असे रिकामे डबे दिसत होते. तो वाकला आणि त्याने हात घातला. मी चाळीस पावलांवर होतो. मला दिसत होतं. ओरडायला मी तोंड उघडलं आणि त्याआधीच आवाज झाला.

तो वाचला. उजवा हात मनगटापासून गेला.

"म्हणजे त्या वेळी तुमचा आवाज निघालाच नाही?" कन्येने विचारलं.

"नाही निघाला."

ती बराच वेळ बोटाने दगडावर माती उकरत बसली. मग म्हणाली, "आज निघाला पण." आणि थोड्या वेळाने, "मग तुम्ही लोक कसं बघायचात ते दाखवा ना मला."

मी दाखवलं. आधी लांबून बघायचं. माती ताजी उकरलेली आहे का, गवत एका बाजूला दबलंय का, वायर, दोरी, नवा रंग काही दिसतो का. मग बाजूने. मग काठीने फांदी उचलायची. ती मन लावून बघत होती. माती जुनी होती. डब्यावर कोळ्याचं जाळं होतं, अखंड. काठीने डबा जरा हलवला. एक पाल पळाली, बस्स. पण डबा बाहेर काढायला हात पुढे केला आणि तो हवेतच थांबला. समोर बिस्किटांचा डबा आहे हे मला कळत होतं. हाताला कळत नव्हतं.

"दोघं मिळून काढू या," ती म्हणाली आणि तिने स्वतःचा खरचटलेला हात माझ्या हाताखाली घातला.

आत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक वही, दोन गोट्या, एक परदेशी नाणं आणि टोक मोडलेली पेन्सिल. वहीत सहा-सात नावं. शेवटची नोंद दहा महिन्यांपूर्वीची, कुणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं की पोहोचायला उशीर झाला, पण सूर्यास्त फार सुंदर दिसला. कोण कुठला माणूस, त्याने पुढच्या अनोळखी माणसासाठी हे लिहून डबा नीट बंद करून ठेवला होता. मी ती ओळ दोनदा वाचली. कन्येने आमची नावं लिहिली. नकाशावर खुणा करायची माझी लाल पेन्सिल मी आत ठेवली. तिसरा डबा आम्ही शोधलाच नाही. त्याऐवजी दरवाजाजवळ येऊन कणसं खाल्ली.

परदेशात या खेळात सर्वांत आवडता डबा कुठला, माहीत आहे? अमेरिकी फौजेची रिकामी दारूगोळ्याची पेटी! पोलादी, रबरी पट्टीमुळे पाणी आत जात नाही. आपल्याकडे तसली पेटी झुडपात ठेवली तर तुमचा रविवार पोलीस ठाण्यात जाईल, आणि ते योग्यच आहे. इंग्लंडमधल्या वेदरबी गावात २०११ साली असाच एक निरुपद्रवी डबा लष्कराच्या बॉम्बपथकाने उडवून दिला होता. त्या पथकाला मी तरी नावं ठेवणार नाही.

संध्याकाळी मी त्या जवानाला फोन केला. दिवाळीला आणि दसऱ्याला आमचं बोलणं होतंच. आता गावात त्याची पिठाची गिरणी आहे, दोन मुलं आहेत. त्याला दिवसभराची हकीकत सांगितली. तो आधी मोठ्याने हसला. मग म्हणाला, "साहेब, ताईंना सांगा, खेळा बिनधास्त. फक्त हाताआधी काठी घालायची."

आता कन्येला स्वतःचा डबा लपवायचा आहे. अटी आम्ही दोघांनी मिळून ठरवल्या. छावणीच्या आणि फौजी हद्दीच्या आसपास अजिबात नाही. जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची. डबा पारदर्शक प्लॅस्टिकचा, आतलं सगळं बाहेरून दिसेल असा. वर हिंदीत ठळक अक्षरात लिहायचं की हा खेळ आहे, हवं तर उघडून बघा. मोरीत, पुलाखाली, बिळात ठेवायचा नाही. जिथे कुणालाही न बघता हात घालावा लागेल अशी जागा नको.

जागा तिने शोधून ठेवली आहे. पुढच्या रविवारी बकऱ्यावाल्या बाबांना विचारायला जाणार आहोत.

जय हिंद.