जालन्याहून एडिनबरो : शरद संपाताच्या सुमारास

मोंढ्यातील व्यापाऱ्याला प्रवासाचा काळ आपल्या मर्जीने निवडता येत नाही. मे-जून हा बियाण्यांचा आणि खतांचा मोसम. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन व कापसाची आवक सुरू होते. दिवाळीला वहीपूजन असते, तर मार्चअखेर हिशेबाची. त्यामुळे विलायतेचा बेत वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो आणि बहुधा मुलगा वा मुलगी तिकडे शिकावयास गेल्यावरच तो मनावर घेतला जातो. स्कॉटलंडची राजधानी एडिनबरो हे असेच विद्येचे शहर आहे. तेथील विद्यापीठात १५८३ पासून अध्यापन चालू असून शैक्षणिक वर्षाचा आरंभ सप्टेंबरात होतो. मुलीची नव्या जागी व्यवस्था लागली की आई-वडिलांनी जाऊन यावे, असे ठरते. मग प्रश्न उरतो तो नेमके केव्हा जावे, हा. जैन कुटुंबाच्या दृष्टीने त्याचे उत्तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा असे आहे, आणि त्याचे पहिले कारण सूर्य हे होय.

जालना विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २० अंशांवर, तर एडिनबरो जवळजवळ ५६ अंशांवर वसले आहे. एवढ्या अंतरामुळे तेथील दिवसाचे मान ऋतूप्रमाणे विलक्षण पालटते. जूनमध्ये सूर्य पहाटे साडेचारच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहाच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात तो दुपारी पावणेचारच्या आतच अस्तास जातो. ज्याच्या घरात चौविहार आणि नवकारसीचे पालन आहे, त्याचा दिनक्रम दोन्ही वेळी विस्कटतो. शरद संपात, म्हणजे २२ किंवा २३ सप्टेंबर, हा मात्र असा दिवस की ज्या दिवशी जालन्यात आणि एडिनबरोत दिवसाची लांबी जवळजवळ सारखी, सुमारे बारा तासांची, असते. जालन्यात त्या दिवशी सूर्य सव्वासहाला उगवून सहा-वीसच्या सुमारास मावळतो. एडिनबरोत तो सातला उगवतो आणि सात-दहाच्या सुमारास मावळतो. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारसी पारावी, तर तेव्हा तेथील हॉटेलांत न्याहारी मांडलेलीच असते. सायंकाळी साडेसहाला जेवण आटोपण्यासही अडचण येत नाही. पुढे मात्र दिवस रोज चार मिनिटांहून अधिक आखडत जातो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि सूर्यास्त पाचच्या आत येतो. म्हणून बेत फार लांबवू नये.

दुसरे कारण गर्दीचे. एडिनबरोचा नाट्य-संगीताचा महोत्सव १९४७ पासून दर ऑगस्टला भरतो. त्या महिन्यात खोल्या मिळणे दुरापास्त होते व भाडे कितीतरी चढते. सप्टेंबरात गर्दी ओसरते. हवा थंड असली तरी बोचरी नसते, दुपारी १६-१७ अंश व रात्री ९-१० अंश एवढीच. पावसाचे गणित मात्र समजून घेण्याजोगे आहे. तेथे वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जालन्यापेक्षा फारसा निराळा नाही. आपल्याकडे तो चार महिन्यांत येऊन जातो, तिकडे बाराही महिन्यांत वाटलेला असतो. वारा जोराचा असल्याने छत्री उलटते. टोपी असलेला पावसाळी कोट आणि दगडी फरशीवरून न घसरणारे बूट हेच उपयोगी पडतात.

तारीख ठरविताना प्रथम पंचांग उघडावे. सामान्य वर्षी संवत्सरी ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या पूर्वार्धात येऊन जाते आणि दशलक्षण पर्वही अनंत चतुर्दशीस संपते. त्यानंतरचा भाद्रपद वद्य पक्ष, म्हणजे पितृपंधरवडा, हा बाजारात मंदीचा काळ असतो. दुकानातून आठ-दहा दिवस बाहेर पडता येईल, असा तोच. आश्विन शुद्ध सप्तमीस आयंबिलची ओळी सुरू होते, त्याआधी परतावे. ज्या वर्षी अधिक मास असतो त्या वर्षी पर्युषण पुढे सरकते आणि २३ सप्टेंबर दशलक्षणातही येऊ शकतो. अशा वर्षी आठवडाभर उशिरा निघावे. सूर्यास्त अर्ध्या तासाच्या आतच अलीकडे येतो, तेवढे सांभाळता येते.

पंचांगानंतर घरातील व्रतांची वही पाहावी. अनेक घरांत बेत येथेच अडतो. दादीजींनी पूर्वी कधी दिग्व्रत घेतलेले असते आणि त्यात अमुक दिशेला अमुक अंतरापलीकडे जाणार नाही, अशी मर्यादा असते. ही मर्यादा केवळ पूर्व-पश्चिमेची नसून ऊर्ध्व दिशेचीही असते, हे विमानप्रवासाच्या वेळी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. विमान दहा किलोमीटर उंचीवरून जाते. एका दिशेचे अंतर कमी करून दुसरीकडे वाढविणे, तसेच घेतलेली मर्यादा विसरून जाणे, या दोन्ही गोष्टी अतिचारांतच गणल्या आहेत. तेव्हा “आजकाल सगळेच जातात, आपणही चला” असा आग्रह दादीजींना धरू नये. त्यांची मर्यादा मोडत असेल तर त्या घरी राहतील, त्यांच्याजवळ कोण राहील हे ठरवावे आणि मगच तिकिटे काढावीत. नातीला पाहण्याची ओढ त्यांनाही असतेच, पण ती बाजूला ठेवून त्या मर्यादा पाळत असतील तर त्यांना घरात एकटे वाटू नये, एवढे बाकीच्यांनी पाहावे. जे निघतील त्यांनी गुरुमहाराजांकडे जाऊन प्रवासापुरते देशावकाशिक नियम घ्यावेत. जालन्यात गुरू गणेश तपोधामाचे दर्शन घेऊन प्रस्थान करता येते, ही सोयच आहे.

कागदपत्रांची तयारी जूनपासून धरावी. ब्रिटनच्या अभ्यागत व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयास सामान्यतः तीन आठवडे लागतात. बोटांचे ठसे देण्यास मुंबई किंवा पुण्यास जावे लागते. व्यापाऱ्यांच्या अर्जात कच्चा दुवा असतो तो बँकेच्या उताऱ्याचा. वर्षभर खात्यात जुजबी शिल्लक आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रोख जमा, असे दिसले की संशय येतो. पेढीचे खाते व घरचे खाते वेगळे दाखवावे, तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे जोडावीत आणि मराठीतील कागदांचे प्रमाणित भाषांतर करून घ्यावे. मुंबईहून एडिनबरोस सरळ विमान नाही. आखाती देशांतून विमान बदलून जाता येते, किंवा लंडनला उतरून किंग्ज क्रॉस स्थानकावरून साडेचार तासांच्या रेल्वेने जाता येते. उत्तरार्धात ही गाडी समुद्रकाठाने धावते. एडिनबरोच्या मुक्कामात मंदिर नाही, असेच धरून चालावे. परतताना वाट वाकडी करून लेस्टरला थांबता येते. तेथे १९८८ मध्ये प्रतिष्ठा झालेले जैन मंदिर असून श्वेतांबर, दिगंबर व स्थानकवासी अशा सर्वांची सोय एकाच वास्तूत आहे.

सामानात काय घ्यावे हे कायद्यानेही ठरते. भारतातून ब्रिटनमध्ये दूध व दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. तूप, पेढे आणि मावा घरीच ठेवावा, अन्यथा विमानतळावर तो काढून घेतला जातो. बटाटे नेण्यासही मनाई आहे. हा नियम आपल्या घरांत कोणास जाचण्याचे कारण नाही. तूप न लावलेला खाकरा, भाजलेले मूग, कोरड्या चटण्या आणि शेव चालतात. राहण्यास स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे. डाळ, तांदूळ, पीठ तेथे सहज मिळते. ओटची लापशी हे त्या देशाचे जुने अन्न असून ते पाण्यातही शिजते. मात्र “व्हेजिटेरियन” या शब्दावर विसंबू नये. स्कॉटलंडच्या प्रसिद्ध हॅगिसचा शाकाहारी प्रकार मिळतो, पण त्यात कांदा व गाजर असते. पुष्कळ चीजमध्ये प्राण्यांच्या जठरातील रेनेट आणि गोळ्या-मिठायांत जिलेटिन असते. वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय व्यापाऱ्यास असतेच, ती येथे कामी येते.

शहर पाहावयाचे ते दोन भागांत. ज्वालामुखीच्या कठीण खडकावर किल्ला उभा आहे. तेथून राजाच्या होलिरूड राजवाड्यापर्यंत जुन्या शहराचा रस्ता उतरत जातो. त्याचे नावच रॉयल माइल. दोन्ही बाजूंना उंच दगडी घरे आणि त्यांच्यामधून खाली जाणारे अरुंद बोळ आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी किल्ल्यापासून आरंभ करून उताराने चालावे. उत्तरेस नवे शहर आहे. जेम्स क्रेगच्या १७६७ च्या आराखड्याप्रमाणे ते सरळ रेषांत आखले गेले. दोन्ही भाग १९९५ पासून जागतिक वारशात समाविष्ट आहेत. नव्या शहराचे पाये खणताना निघालेली माती मधल्या खोलगट भागात टाकली गेली आणि तिचाच बांध झाला. त्याला “द माउंड” म्हणतात.

या बांधावर बँक ऑफ स्कॉटलंडची इमारत आहे. ही बँक १६९५ ची. इमारतीतील छोट्या संग्रहालयात रद्द केलेल्या दहा लाख पौंडांच्या नोटा काचेत मांडल्या आहेत. संग्रहालय उघडे असण्याचे वार आधी पाहून जावे. व्यापारी कुटुंबाने मात्र त्याहून मोठी एक गोष्ट येथे समजून घ्यावी. १७२७ मध्ये या शहरात रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड निघाली आणि पुढच्याच वर्षी तिने विल्यम हॉग नावाच्या एका व्यापाऱ्यास, खात्यात असलेल्या रकमेहून एक हजार पौंडांपर्यंत अधिक उचलण्याची मुभा दिली. जालन्याच्या मोंढ्यात ज्यास सगळे “सी.सी.” म्हणतात, त्या कॅश क्रेडिटचा हा मूळ पुरुष होय. माल पडून आहे, वसुली यावयाची आहे, आणि तरी धंदा थांबू नये, हीच त्यामागील गरज होती. दोन पतवान माणसे जामीन राहत आणि जेवढे उचलले तेवढ्यावरच व्याज लागे. अॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीचे वर्णन केले आहे. त्याचे थडगे याच रस्त्यावरील कॅननगेटच्या चर्चच्या आवारात आहे. हुंडीवर आणि शब्दावर पेढ्या चालविलेल्या घराण्यातील माणसाला तेथे परकेपणा वाटणार नाही. एक व्यावहारिक सूचना : स्कॉटलंडमध्ये तीन बँका आपापल्या नोटा छापतात. भारतात त्या बदलून मिळण्यास त्रास होतो, म्हणून निघण्यापूर्वीच बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा करून घ्याव्यात.

किल्ल्यासमोर एक मोठे पटांगण आहे. तेथे ७८ व्या हायलँडर्स पलटणीचा क्रूसाच्या आकाराचा स्मृतिस्तंभ आहे. तो १८५७-५८ मध्ये भारतात पडलेल्या तिच्या सैनिकांसाठी उभारलेला आहे. भारतीय माणसास त्यापुढे उभे राहणे तसे सोपे नाही. जालन्याच्या माणसाचा या पलटणीशी संबंध त्याहूनही जुना आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्याच्या उत्तरेस, केळणा व जुई या नद्यांच्या मधल्या मैदानात, असई गावापाशी आर्थर वेलस्लीची फौज आणि शिंदे-भोसल्यांची फौज यांची लढाई झाली. त्यात ७४ वी व ७८ वी या दोन स्कॉटिश पलटणी होत्या. ७४ वी गावाजवळच्या तोफांच्या माऱ्यात सापडून जवळजवळ नष्ट झाली. इंग्रजांकडील मृत व जखमी पंधराशेहून अधिक होते, मराठ्यांची हानी त्याहूनही मोठी. दोन्ही बाजूंना लढणारे बहुसंख्य शिपाई याच देशाचे होते. त्या विजयाची खूण म्हणून या पलटणींच्या मानचिन्हावर हत्ती आणि “असई” हे नाव आले. आपल्या जिल्ह्यातील एका लहानशा गावाचे नाव असे स्कॉटलंडच्या सैन्यात दीड-दोन शतके मिरविले गेले. आज जालन्यातील किती मुलांना ते ठाऊक आहे, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारावा.

म्हणून या यात्रेचा आरंभ विमानतळावर न करता असईपासून करावा. ऑगस्टमधील एखाद्या रविवारी मुलांना भोकरदनच्या बाजूने तेथे न्यावे आणि नद्यांच्या मधले ते मैदान दाखवावे. पुढे एडिनबरोत २३ तारखेची सकाळ किल्ल्यासाठी राखावी. तिकीट आधी काढावे. रविवार सोडून रोज दुपारी एक वाजता तेथे तोफ उडते, हे वडीलधाऱ्यांना आधी सांगून ठेवावे, म्हणजे ते दचकणार नाहीत. संवत्सरीची क्षमापना नुकतीच झालेली असते. “खामेमि सव्वजीवे” म्हणताना आपण सहसा ओळखीच्यांची नावे आठवतो. त्या पटांगणात दोन मिनिटे उभे राहून केळणेच्या काठी पडलेल्या दोन्हीकडच्या अनोळखी माणसांना आठवावे. मग उताराने सावकाश चालत मुक्कामी यावे आणि दादीजींना आठवणीने दुपारीच फोन करावा, कारण तिकडचे अडीच म्हणजे जालन्याचे सात, त्यांच्या प्रतिक्रमणाची वेळ. सूर्यास्त सात-दहाला आहे. साडेसहापर्यंत खिचडी तयार असावी.