शेवटचा पिचर

क्रिकेटवर पोसलेल्या माणसाने उतारवयात बेसबॉलच्या नादी लागू नये, असे माझे प्रामाणिक मत होते. परंतु मुलीकडे न्यू जर्सीला तीन महिने राहायला गेले, की अशी मते गुंडाळून ठेवावी लागतात. जावई न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचा निस्सीम भक्त. जेवणे आटोपली, की “बाबा, चला, मॅच लागली!” अशी हाक येई, आणि मी निमूटपणे सोफ्यावर जाऊन बसे.

पहिले आठ दिवस मला फारसे काही कळले नाही. मग एके दिवशी माझे लक्ष मैदानाच्या कडेला असलेल्या कोंडवाड्याकडे गेले. त्याला ‘बुलपेन’ म्हणतात. तिथे राखीव पिचर, म्हणजे आपले गोलंदाज म्हणा, तासन्‌तास बसून असतात. फोन वाजतो, एकजण उठतो, हात मोकळा करू लागतो. पुष्कळदा त्याला बोलावणे येतच नाही. बिचारा पुन्हा बाकावर बसतो. त्या घामाची नोंद कुठल्याही वहीत होत नाही. खरे सांगतो, मला त्या खेळाची गोडी लागली ती इथून.

या मंडळींत सर्वांत मानाचा तो शेवटच्या, नवव्या डावात येणारा. थोडीशी आघाडी असते, ती त्याने सांभाळायची. सांभाळली, की त्याच्या नावावर एक ‘सेव्ह’ जमा. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी पुढे आणलेला हा हिशेब १९६९ पासून अधिकृत झाला. आमच्या जावयाचे दैवत म्हणजे पनामातून आलेला मारियानो रिव्हेरा. त्याचे सेव्ह ६५२! २०१९ साली तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, तेव्हा ४२५ मतांपैकी ४२५ त्याला पडली. असे पूर्वी कुणाच्याच बाबतीत घडले नव्हते.

“पण हा हिशेबच मला पटत नाही,” मी एकदा म्हणालो. जावई चमकला. मी काय खोटे बोलत होतो? तीन धावांची आघाडी आहे, बेसवर प्रतिपक्षाचे कुणी नाही, आणि आपण एक डाव टाकून आलो, तरी सेव्ह. आणि सातव्या डावात तिन्ही बेस भरलेले असताना एखाद्याने संघाला खड्ड्यातून वर काढले, तर सेव्ह मिळणार शेवटी येणाऱ्याला! खुद्द रिव्हेराचेच पाहा. १९९६ साली तो जॉन वेटलँडच्या आधी येऊन टाकत असे. १०७ डावांहून अधिक गोलंदाजी, १३० बळी, आणि सेव्ह अवघे ५. ते वर्ष काय वाया गेले म्हणायचे?

शिवाय या हिशेबाची भूल भल्याभल्यांना पडते. २०१६ मध्ये बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटनने मोसमभर ४७ पैकी ४७ आघाड्या राखल्या होत्या. ऑक्टोबरात टोरांटोला हरलो तर घरी, असा सामना आला, बरोबरीत अकराव्या डावापर्यंत लांबला, आणि हा हुकमी माणूस बुलपेनमध्येच! आघाडी मिळेल तेव्हा आणू, म्हणून राखून ठेवलेला. एडविन एन्कार्नासिऑनने दुसऱ्याच पिचरला उंच टोला मारून तीन धावा काढल्या आणि सामना संपला. सणासुदीसाठी जपलेली पैठणी कसरीने खावी, त्यातला प्रकार.

एका संध्याकाळी पावसाने सामना बुडाला, तेव्हा जावयाने २००१ च्या वर्ल्ड सीरिजचा सातवा सामना लावला. ४ नोव्हेंबरचा, ॲरिझोनातला. मोसमानंतरच्या सामन्यांत रिव्हेराने त्यापूर्वी सलग २३ आघाड्या राखलेल्या. २-१ अशी आघाडी असताना तो आठव्या डावात आला, तीन जणांना बॅट चेंडूला लागू न देता परत पाठवले. मग नववा डाव. एक साधा बंट त्याने उचलला आणि दुसऱ्या बेसकडे असा काही फेकला, की चेंडू थेट मैदानात पळाला. पुढे टोनी वोमॅकने बरोबरी साधली. शेवटी लुईस गोन्झालेझच्या बॅटच्या निरुंद भागाला लागून चेंडू अर्धवट उडाला आणि पुढे सरकून उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून अलगद पडला. संपले सगळे.

मला शारजा आठवले. १८ एप्रिल १९८६, शेवटचा चेंडू, चार धावा हव्यात, आणि मियांदादची ती सिक्सर. चेतन शर्माला मी कितीतरी वर्षे क्षमा केली नव्हती. पुढच्याच वर्षी नागपूरला त्याने वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक घेतली, तरीही नाही. वास्तविक यॉर्कर टाकायला जाऊन चेंडू फुलटॉस पडला, एवढाच त्याचा गुन्हा.

बोस्टनवाल्यांचे मात्र मला कौतुक वाटते. २००४ च्या ऑक्टोबरात त्यांनी रिव्हेराची आघाडी घालवली, हरत आलेली मालिका फिरवली. पुढच्या एप्रिलात तो त्यांच्या मैदानावर उतरला, तेव्हा त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. टाळ्या अर्थातच खवचट. पण तो मनापासून हसला! मोसमानंतरच्या सामन्यांत १४१ डावांत सरासरी ०.७० राखणाऱ्या या माणसाचे मोजमाप मी करायला बसलो, तर तो आकडा बाजूला ठेवीन आणि ते हसू आधी लिहीन. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन वाजणार, पुन्हा उठायचे आहे, हे ज्याला ठाऊक त्यालाच असे हसता येते.

“बरं बाबा,” जावई शेवटी म्हणाला, “नववा डाव, एका धावेची आघाडी. कुणाला बोलवाल?”

“रिव्हेराला.”

“मग इतका वेळ भांडत कशाला होतात?” स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज आला.