गुरुजींचं देणं

मला वाद घालायला ज्यांनी शिकवलं, ते डोंगरकड्याचे गुरुजी मला शाळेत कधीच शिकवायला नव्हते. मी नांदेडला कॉलेजात होतो तेव्हा ते निवृत्त होऊन केळीची बाग बघत होते. मार्च 2003 मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला आणि आमच्या वादविवाद स्पर्धेला तोच विषय आला. चिठ्ठीत माझ्या वाट्याला युद्धाचं समर्थन आलं. मला तर ते युद्ध अजिबात पटलं नव्हतं. बाजू बदलून मिळेना, तेव्हा वडील म्हणाले, "गुरुजींकडं जाऊन ये."

गुरुजी बागेत पिलं कापत होते. केळीच्या बुडाशी फुटलेले कोंब मूळ झाडाचा जोर खातात, म्हणून ते विळ्याने जमिनीलगत छाटायचे असतात. माझं गाऱ्हाणं ऐकताना त्यांचा हात थांबला नाही. "पटत नाही ना? मग तीच बाजू आधी नीट शीक. हलब्जा माहीत आहे का तुला?"

मला माहीत नव्हतं. मार्च 1988 मध्ये इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन याच्या फौजेने इराकमधल्याच कुर्दांच्या या गावावर विषारी वायू सोडला आणि सुमारे पाच हजार माणसं मारली. "हे नाव न घेता जो युद्धाला विरोध करतो, त्याचं कुर्दांनी का ऐकावं?" गुरुजी म्हणाले.

मला हुरूप आला. पुढच्या खेपेला मी आपल्याच मुलखाचा दाखला घेऊन गेलो. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या राज्यातून मराठवाडा सुटला, तोही फौज आली म्हणूनच. मग इराकी माणसाने फौजेची वाट का बघू नये?

या वेळी मात्र गुरुजींनी विळा खाली ठेवला आणि बांधावर बसले. "फौज शेवटी आली, बाळा. त्याआधी इथली माणसं उठली होती. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले, पोरांनी सरहद्दीवर कॅम्प चालवले, उमरीची बँक लुटून लढ्याला पैसा उभा केला." मी म्हणालो, 1991 मध्ये इराकमध्येही शिया आणि कुर्द उठले होते. "उठले होते ना? थोरल्या बुशनेच त्यांना उठा म्हणून सांगितलं होतं. सद्दामने त्यांना चिरडलं तेव्हा अमेरिकेची फौज शेजारीच होती. तेव्हा का नाही धावली?"

मग ते बराच वेळ गप्प राहिले. निजामावर फौज आली, ती पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते चौथीत होते. त्यांच्या शेजारी बसणारा एक मुसलमान मुलगा त्यानंतर शाळेत आलाच नाही. "सुटका झाली, ती हवीच होती. पण नंतर निरपराधांवर जे गुदरलं, तेही तुझ्या भाषणात आलं पाहिजे." पुढे सुंदरलाल समितीचा अहवाल वाचनात आला. हैदराबाद संस्थानात त्या काळात 27 ते 40 हजार माणसं मारली गेल्याचा त्यात अंदाज आहे. गुरुजींचं ते गप्प राहणं मला तेव्हा समजलं.

इराकमधल्याच कूत-अल-अमाराची गोष्टही त्यांनीच सांगितली. पहिल्या महायुद्धात पुणे डिव्हिजन बसऱ्याला उतरली, तिच्यात आपल्या मराठा पलटणी होत्या. कूतला 147 दिवस वेढ्यात उपाशी राहून 29 एप्रिल 1916 ला या डिव्हिजनने शरणागती पत्करली. कितीतरी जवान पुढे तुर्कांच्या कैदेत मेले. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी बगदाद घेतलं आणि जाहीर केलं, आम्ही जिंकायला नव्हे, तुम्हाला मुक्त करायला आलो आहोत. 2003 मध्येही नेमकं हेच सांगितलं जात होतं.

म्हणूनच त्या जुलैत इराकला भारतीय फौज पाठवायची नाही असं वाजपेयी सरकारने ठरवलं, तेव्हा गुरुजींना आनंद लपवता आला नाही. एप्रिलमध्येच लोकसभेने एकमताने त्या युद्धाची निंदा केली होती. अध्यक्षांच्या आसनावर तेव्हा आपले मनोहर जोशी होते.

ज्या संहारक अस्त्रांसाठी अमेरिकेने हे युद्ध केलं, ती इराकमध्ये सापडलीच नाहीत. गुरुजी आता नाहीत. इराकवरचं ते युद्ध अन्यायाचं होतं, असं मी आजही ठामपणे म्हणतो, आणि म्हणताना हलब्जाचं नाव आधी घेतो.