प्लग बदलून बघा

दुचाकी बंद पडली की कडेला जमणाऱ्या चार माणसांपैकी एक जण तरी म्हणतोच, "प्लग बदलून बघा." ताप आला की पॅरासिटामॉल, तसा गाडी अडली की प्लग. पुष्कळदा उपाय लागूही पडतो. गाडी चालू होते, माणूस निघून जातो, आणि आधीचा प्लग कशानं खराब झाला हे विचारायचं राहून जातं.

हा राहून गेलेला प्रश्न मला महत्त्वाचा वाटायला लागला तो माझ्या मामेभावाच्या बाईकमुळे. दादा करवीर तालुक्यातल्या एका गावात राहतो. पहाटे चारला उठून घरचं आणि आजूबाजूच्या पाच-सहा गोठ्यांतलं दूध कॅनमध्ये भरतो, दोन कॅन शंभर सीसीच्या बाईकला लटकवतो आणि कोल्हापुरात रतीब घालतो. त्याच्या धंद्यात गाडी सुरू होणं याला पर्याय नाही. म्हशी सुट्टी घेत नाहीत आणि दूध थांबत नाही. त्या पावसाळ्यात मी आजोळी मुक्कामाला होते आणि दादाची बाईक दर पंधरा दिवसांनी मिसिंग मारत होती.

त्या बाईकचं काय झालं हे समजायचं तर आधी प्लग काय करतो ते बघावं लागेल.

प्लगमध्ये हलणारा एकही भाग नसतो. मधून जाणारी एक धातूची काडी, तिच्याभोवती चिनीमातीसारखं दिसणारं पांढरं कवच, बाहेर लोखंडी अंग आणि आटे. त्या अंगातून एक छोटा आकडा वाकून काडीच्या टोकासमोर येतो. काडी आणि आकडा यांच्यामध्ये फट असते, लहान बाईकमध्ये साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर. सगळा खेळ त्या फटीचा आहे.

बॅटरी १२ व्होल्टची. एवढ्या व्होल्टेजला ती फट काही ओलांडता येत नाही. त्यात सिलिंडरमध्ये दाबलेली हवा आणि पेट्रोल, म्हणजे काम आणखी अवघड. म्हणून मध्ये कॉइल असते. तिच्यात तारेचे दोन गुंडाळे असतात, एक थोड्या वेढ्यांचा, दुसरा हजारो वेढ्यांचा. पहिल्यातला करंट अचानक तोडला की दुसऱ्यात हजारो व्होल्ट उसळतात, दहा हजार, वीस हजार, प्रसंगी त्याहून जास्त. तेवढा दाब आला की फटीतली हवाच क्षणभर वीजवाहक होते आणि ठिणगी पडते. पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी ती पडावी लागते, कारण आग पसरायला वेळ लागतो. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल तर मिनिटाला दोन हजार वेळा हे जळण होतं, म्हणजे सेकंदाला तेहेतीस वेळा. दादा गावातून निघून कोल्हापूरच्या वेशीला लागेपर्यंत प्लगनं हजारो वेळा हे काम बिनबोभाट केलेलं असतं.

आता खरी गंमत. प्लगचं नाक, म्हणजे आतल्या टोकाजवळचं ते पांढरं कवच, साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअस एवढं तापलेलं असावं लागतं. तेवढं तापलं तर त्यावर बसणारी काजळी जळून जाते आणि प्लग स्वतःच स्वतःला साफ ठेवतो. कमी तापलं तर काजळी साठते. काजळी म्हणजे कार्बन, आणि त्यातून वीज वाहते. मग करंट फटीवरून उडी मारायचे कष्ट घेत नाही, काजळीवरून सरळ खाली इंजिनच्या अंगात उतरतो. प्लग सापडतो, करंट सापडतो, ठिणगी मात्र गायब. उलट नाक जास्त तापलं तर ते निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगीची वाट न बघता पेट्रोल आधीच पेटवून देतं. हे फार काळ चाललं तर पिस्टनला भोक पडू शकतं.

म्हणून प्लगला गरम आणि थंड अशा जाती असतात. लांब नाकाचा प्लग उष्णता धरून ठेवतो, आखूड नाकाचा ती पटकन इंजिनला देऊन टाकतो. प्लगवरचा आकडा हेच सांगतो, पण एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा असेल तर प्लग थंड आणि बॉशच्या प्लगवर आकडा मोठा असेल तर गरम. आटे बसले म्हणजे प्लग बसला, असं म्हणून कुठलाही प्लग घातला तर फसायला होतं ते इथेच.

ही वस्तू जुनी आहे. १८६० मध्ये पॅरिसमध्ये एतिएन लेन्वार यांनी गॅसवर चालणारं इंजिन विजेच्या ठिणगीनं पेटवलं. १९०२ मध्ये बॉश कंपनीचे अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग बनवला, आणि मोटारी भरवशानं सुरू व्हायला लागल्या. आपल्याकडे आधीच्या पिढीला 'मायको' हे नाव पाठ असतं. १९५१ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या त्या कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं. बजाज चेतकच्या काळात डिकीत जादा प्लग आणि प्लगपाना असायचाच, कारण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचं आणि प्लग काळा पडायचा. आई सांगते, दूरदर्शनवर सिनेमा चालू असताना गल्लीतून स्कूटर गेली की पडद्यावर आडव्या रेघा नाचायच्या. ती करामत ठिणगीचीच. ठिणगी पडली की रेडिओलहरीही निघतात. त्या दाबायला हल्ली प्लगमध्येच रेझिस्टर घालतात, म्हणून कोडमध्ये 'आर' हे अक्षर असतं.

तर दादाची बाईक. पहिल्यांदा मिसिंग आलं तेव्हा रस्त्यातल्या एकानं प्लग बदलून दिला. पंधरा दिवस झकास. पुन्हा तेच, पुन्हा नवा प्लग. तिसऱ्या खेपेला दादा ओळखीच्या मेस्त्रींकडे गेला, आणि शहरात काम होतं म्हणून मी मागे बसून गेले.

मेस्त्रींनी आधी इंजिन गार होऊ दिलं. गरम असताना ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढला तर आटे जायची भीती. मग प्लगच्या खोबणीतली माती हवा मारून उडवली, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. प्लग काढला, पण पुसला नाही. तसाच उजेडात धरला.

"काय बघताय?" मी विचारलं.

"डॉक्टर जीभ बघतोय का न्हाई, ताई? तसंच हे."

आणि त्यांनी डब्यातून जुने प्लग काढून माझ्यापुढे मांडले. नाक बिस्किटाच्या रंगाचं किंवा राखाडी, कोरडं: इंजिन ठणठणीत. कोरडी, मखमली काजळी: पेट्रोल जास्त, हवा कमी, एअर फिल्टर तुंबलेला, चोक ओढलेला राहिलेला, किंवा गाडी सारखी दोन-दोन मिनिटंच चालवलेली. ओला आणि पेट्रोलचा वास: किका मारून मारून ओव्हरफ्लो केलेला, नाहीतर ठिणगीच पडत नाही. पांढराफटक, टोकाला फोड आलेले: इंजिन तापतंय, पेट्रोल कमी पडतंय, कुठून तरी जादा हवा शिरतेय, किंवा प्लग चुकीच्या जातीचा. टोकं गोल झिजलेली: काही झालेलं नाही, प्लगचं वय झालं. कवचाला बारीक तडा: कुणीतरी पाना वाकडा धरून आवळलाय.

दादाचा प्लग काळा होता आणि चिकट. मेस्त्रींनी बोटांत चोळला. पेट्रोल असतं तर उडून गेलं असतं, काजळी असती तर झडली असती. बोटावर चकाकणारा थर राहिला. ऑइल.

"धूर मारती का?"

"सकाळी किंचित. चढाला जास्त. निळसर."

बराच वेळ उभ्या गाडीनं सुरू होताना धूर मारला आणि मग थांबली, तर संशय वॉलच्या सीलवर. चढाला, ॲक्सिलरेटर पिळल्यावर मारत असेल तर रिंगांवर. मेस्त्रींनी कॉम्प्रेशन मोजलं, मग प्लगच्या भोकातून थोडं ऑइल आत सोडून पुन्हा मोजलं. आकडा वाढला. ऑइलनं रिंगांची फट तात्पुरती बुजली होती, म्हणजे गळती रिंगांतूनच. दोन कॅनांचं ओझं घेऊन इतकी वर्षं चढ चढलेल्या इंजिनाकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

"हाफ इंजिनचं काम हाय. सात हजार धर. आणि गाडी तीन दिवस हितं."

"तीन दिवस दूध कोण न्हेणार, मेस्त्री?"

मेस्त्री काही बोलले नाहीत. दादानं चार प्लग विकत घेतले.

वरवर पाहता हा दुखण्याकडे काणाडोळा होता. पण परतताना दादानं हिशेब सांगितला. प्लग सव्वाशेचा, महिन्याला दोन, म्हणजे अडीचशे. सात हजार आज काढायचे तर पेंडीच्या पैशातून काढावे लागणार, आणि पेंड कमी पडली की दूध कमी. शिवाय तीन दिवस रतीब चुकला तर गिऱ्हाईक पिशवीच्या दुधावर जातं आणि परत येत नाही. रोग काय आहे हे त्याला मेस्त्रींइतकंच कळलं होतं. तो प्लग घेत नव्हता, इंजिनाच्या कामाचं व्याज भरत होता. रस्त्याकडेला प्लग बदलणारा माणूस आणि दादा, दोघांचं काम बाहेरून सारखंच दिसतं. फरक इतकाच की दादाला आपण काय पुढे ढकलतोय ते माहीत होतं, आणि त्यामुळे कशावर डोळा ठेवायचा तेही.

कारण मेस्त्रींनी निघताना एकच गोष्ट दोनदा बजावली होती: "प्लग मेला तर गाडी थांबंल. ऑइल संपलं तर इंजिन मरंल." मग दर रविवारी अंगणात ऑइलची पातळी बघणं आणि भर घालणं सुरू झालं. काढलेला प्लग पेट्रोल आणि मऊ ब्रशनं धुवायचा. तारेच्या ब्रशनं नाही, त्यानं कवचावर धातूच्या रेघा उमटतात आणि करंटला तीच वाट मिळते. नवा प्लग आधी हातानं बसेपर्यंत फिरवायचा, मग पान्यानं साधारण अर्धा वेढा, बस. हे सगळं मीही शिकले.

दिवाळीला घरच्या म्हशींच्या दुधाचा संघाकडून फरक आला. चुलतभावाची बाईक तीन दिवसांसाठी मागून आणली आणि दादाची गाडी मेस्त्रींकडे गेली. नव्या रिंगा पडल्यानंतर महिन्याभरानं प्लग काढून बघितला. बिस्किटाचा रंग. दादानं तो फडक्यात गुंडाळून परत तसाच बसवला.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. आता पेट्रोलचं माप सेन्सर ठरवतो आणि काही बिघडलं तर मीटरवर दिवा लागतो. अशा गाड्यांत प्लग बाहेर काढून उघडी ठिणगी बघायच्या फंदात पडू नये, झटका बसतो आणि इलेक्ट्रॉनिक्सही जाऊ शकतं. पण झिजलेल्या रिंगेतून चढणारं ऑइल अजूनही आधी प्लगलाच भेटतं. चेतक मात्र २०२० मध्ये विजेवर परत आली, आणि तिच्यात प्लगच नाही.

तुमच्या गाडीत असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला एवढंच करा. नवा प्लग बसवला की जुना मागून घ्या, आणि तो पुसायच्या आत उजेडात धरून बघा.