सिंधी घरातले मराठी लेखन

दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्याची चूक बहुधा अज्ञानातून येत नाही. ती पहिल्या भाषेच्या नियमातून येते. विठ्ठलवाडी-उल्हासनगर पट्ट्यातल्या सिंधी घरांतील मुलांचे मराठी लेखन या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित आले. १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तिचे भाग आजही ‘कॅम्प’ म्हणूनच ओळखले जातात. शाळेत अरबी वळणाची, उजवीकडून डावीकडे लिहायची ५२ अक्षरांची लिपी शिकून आलेल्यांना मराठीसाठी आधी देवनागरी गिरवावी लागली. आजच्या मुलांपुढे लिपीचा प्रश्न नाही. राज्याच्या २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. अडचण वाक्याच्या आत आहे.

सिंधीत नपुंसकलिंग नाही. तिथे ‘किताबु’ पुल्लिंगी, हिंदीत ‘किताब’ स्त्रीलिंगी आणि मराठीत ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी. ‘माझा पुस्तक’ लिहिणारे मूल निष्काळजी नसते. उलट, ‘चा-ची’प्रमाणे सिंधीतही ‘जो-जी’ पुढच्या नामाच्या लिंगानुसार बदलतात. त्यामुळे जुळणीचे तत्त्व त्याला घरूनच मिळालेले असते, फक्त ‘चे’ नवे असते. ‘घरमध्ये’ या रूपाचेही तसेच. सिंधीत ‘घरु’चे ‘घर में’ होते. प्रत्ययापूर्वी नाम बदलते, हे मुलाला ठाऊक असते. मराठीत ते ‘घरा’ होते, एवढेच सांगायचे उरते. घरी हिंदीच बोलली जात असेल, तर हा आधार तोकडा पडतो, कारण हिंदीत एकवचनी नाम असे बदलते ते मुख्यतः आकारान्त पुल्लिंगी असेल तरच. तिथे अधिक सराव हवा.

म्हणून अशा वर्गावरच्या मराठी शिक्षकाला थोडी सिंधी यायलाच हवी. अख्खी वही लाल करण्यात मोठे नुकसान आहे: मूल चुकण्याच्या भीतीने तीन शब्दांची वाक्ये लिहू लागते, आणि मग शिकवायला काही उरतच नाही. अर्थ बिघडवणारी चूक आधी घ्यावी, मग लिंग, मग सामान्यरूप. ऱ्हस्वदीर्घ शेवटी; ते मराठी घरांतल्या मुलांनाही छळतात. हिंदीच्या सवयीने आलेले ‘शक्ति’ मात्र लवकर सुधारते: मराठी शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, एवढे त्यासाठी पुरते.

मराठी लिहायला शिकणाऱ्या मोठ्या माणसांना मात्र निबंधापेक्षा गरजेचे लेखन द्यावे: पाणीपट्टीबाबत महापालिकेला अर्ज, एसटी आगाराला तक्रार, सोसायटीची सूचना. पहिला मसुदा त्यांचाच राहू द्यावा. शिक्षकाने तो नव्याने लिहून देऊ नये, शेजारी बसून एकेक वाक्य विचारत दुरुस्त करून घ्यावा.