बसलेला घसा

गेल्या श्रावणात माझा घसा बसला. शाळामास्तराचा घसा बसणे म्हणजे तबलजीचा हात मोडणे! वर्गातल्या पोरांनी आनंद लपवला नाही. घरच्यांनी लपवल्यासारखे केले. डॉक्टरांनी आठ दिवस मौन सांगितले. माझ्या हाती पाटी-पेन्सिल आली.

नेमका त्याच आठवड्यात दादा आला. आमचा वाद जुना. पंचगंगेकडच्या उतारावर आमचे वडिलोपार्जित घर आहे. दादा म्हणतो, विकू या. मी म्हणतो, प्राण गेला तरी नाही. बाबांचा झोपाळा, आईचे तुळशीवृंदावन... कादंबरीकाराला शब्दांची काय वाण? दादाच्या दोन वाक्यांना माझी वीस. मग तो गप्प बसे आणि मला वाटे, जिंकलो!

त्या दिवशी उत्तर येईना, तेव्हा तो हळूहळू बोलू लागला.

"२०१९ च्या ऑगस्टात तू शाळेतल्या छावणीत लोकांना खिचडी वाढत होतास. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांवर गेलं. अंधारात आईला पाठुंगळी घेऊन मी उंबरा ओलांडला. ती म्हणत होती, 'मला ठेव, तू जा.' अजून सर आली की मी उठून बसतो. तुला त्या घरात बाबा दिसतात रे. मला पाणी दिसतं."

'पुराचं भय आहे,' एवढे तो दर वेळी म्हणे. 'पूर काय रोज येतो?' हे माझे उत्तर तयारच असे.

मी पाटीवर लिहिले, "तुला घर नकोसं नाही. त्याची भीती वाटते. बरोबर?" दादाने मान हलवली आणि तोंड फिरवले.

कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाविषयी लिहिले म्हणून १८८२ साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पुढे हे मित्र मतभेदांनी दुरावले. १८९५ मध्ये आगरकर गेले, तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. माणूस गेल्यावर त्याचे म्हणणे आपण सारेच शांतपणे ऐकतो. हयातीत मात्र आपला घसा आड येतो.

घर अजून विकलेले नाही. वाद आहेच, भांडण उरलेले नाही. यंदा दादा फराळाला येईल, तेव्हा चिवड्याची बशी पुढे सरकवून मी आधी विचारणार आहे, "काय म्हणत होतास?"

घसा आता खणखणीत आहे. तरी पाटी फळीवर जपून ठेवली आहे.