लखनौची लॅम्ब्रेटा

चिकनचा कुडता पारखताना लखनौचा जाणकार आधी कापड उलटे करतो. टाका हाताचा की यंत्राचा, हे मागची बाजू सांगते, आणि यंत्राचा म्हटला की त्याचे मोल तिथेच उतरते. अशा हातकामाच्या शहरात तयार झालेल्या, सर्वस्वी यंत्रावर घडलेल्या एका वस्तूपुढे आज संग्राहक तसाच वाकून सांगाड्यावरील आणि इंजिनावरील क्रमांक वाचतो. ती वस्तू म्हणजे 'विजय सुपर' ही स्कूटर.

तिचे मूळ घराणे मिलानचे. तेथील लांब्राते या भागात इन्नोचेन्ती यांच्या कारखान्यात 1947 साली पहिली लॅम्ब्रेटा तयार झाली आणि 1971 साली तिचे इटलीतील उत्पादन थांबले. भारत सरकारने तिथली यंत्रसामग्री, आराखडे आणि नावाचे हक्क विकत घेतले. 1972 साली 'स्कूटर्स इंडिया लिमिटेड' स्थापन झाली. लखनौच्या सरोजिनीनगरातील कारखान्यातून 1975 पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. परदेशी जाणारी ती लॅम्ब्रेटा, देशात राहणारी विजय सुपर.

महाराष्ट्रात स्कूटर म्हणजे बजाज. 'चेतक' किंवा साताऱ्यात तयार होणारी 'प्रिया' मिळावी म्हणून माणसे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत. ज्याला तितका धीर नसे तो विजय सुपरकडे वळे. तडजोड म्हणून घरी आलेल्या वस्तूचे कौतुक कोण करणार? वास्तविक तिची घडण विचारपूर्वक होती. नळ्यांच्या सांगाड्यावर पत्रे चढवलेले, इंजिन मधोमध. त्यामुळे बजाजसारखा उजव्या अंगाचा भार तिला नव्हता. बेर्तोने यांच्या कार्यशाळेने आखलेल्या तिच्या सडपातळ, तिरकस रेषा तर आजही डोळ्यांत भरतात.

1997 साली दुचाकीचे उत्पादन बंद झाले आणि मग तिचा शोध सुरू झाला. साठच्या दशकात इंग्लंडमधील 'मॉड' तरुणांनी लॅम्ब्रेटाला आपले निशाण मानले होते. तिची ओढ तिकडे ओसरली नव्हती. कर्मठ संग्राहक मात्र इटलीच्या गाडीलाच अस्सल मानतो. लखनौचा पत्रा, लखनौचा मुलामा यांना तो नाक मुरडतो. गंमत अशी, की त्याच्या अस्सल गाड्या पुढे चालत्या राहिल्या त्यात लखनौहून गेलेल्या सुट्या भागांचा वाटा मोठा होता.

याहून बोचणारा प्रकार निराळाच. भंगारात निघालेली विजय सुपर स्वस्तात घ्यायची, ठोकून-रंगवून चकचकीत करायची, तिच्यावर इटलीची नाममुद्रा बसवायची आणि जहाजावर चढवायची. ही फसवणूक आहे, यात शंका नाही. परंतु गिऱ्हाईक फसते तसे तिच्यात लखनौही पुसले जाते. ज्या आराखड्यांवर मिलानची गाडी घडली, तेच पुढे सरोजिनीनगरात आले आणि इथल्या कामगारांनी त्यांबरहुकूम वीस वर्षांहून अधिक काळ गाड्या घडवल्या. या श्रमाला नक्कल म्हणणे म्हणजे दत्तक मुलाला आयुष्यभर पाहुणा समजण्यासारखे आहे.

कंपनी तीनचाकींवर आणखी काही वर्षे तगली. जानेवारी 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती बंद करण्यास मान्यता दिली. आता नवे भाग तिथून येणार नाहीत. ज्याच्या ओसरीत वडिलांची विजय सुपर उभी असेल, त्याने ती जरूर रंगवून घ्यावी. मात्र समोरच्या पत्र्यावरील नाव तेवढे जागचे हलू देऊ नये.